चौकाच्या सुधारणेवर सूचना देताय? या चुका टाळा

आपल्याकडे चौक सुधारणेची बैठक लागली की पहिली मागणी ठरलेली असते: उड्डाणपूल करा. दुसरी मागणी गतिरोधकाची. सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, दुखणं न सांगता थेट औषधाचं नाव घ्यायचं.

नाशिकच्या द्वारका चौकाचंच बघा. मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल डोक्यावरून गेला, तरी खालची कोंडी सुटली नाही. कारण पुलावरून फक्त सरळ जाणारी गाडी जाते. पुणे रोडला वळणारी, सारडा सर्कलकडे जाणारी, प्रवासी घ्यायला थांबणारी वाहनं खालीच राहतात. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला, पण लोक रस्त्यावरूनच जात राहिले. हातात पिशव्या असलेला माणूस पायऱ्या उतरून पुन्हा चढणार नाही, हे रोज तिथून जाणाऱ्या कुणीही सांगितलं असतं.

म्हणून सूचना अशी लिहा: कोणत्या दिशेने येणारं वाहन, कुठे वळताना, किती वाजता, कुणाच्या आडवं येतं. 'इथे फार ट्रॅफिक असतं' यावरून अभियंत्याला काहीच ठरवता येत नाही. 'सकाळी सव्वादहाला डावीकडे वळणाऱ्या रिक्षा बसथांब्यापुढे उभ्या राहतात, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते', यावरून ठरवता येतं. तीन दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहून मोजा. मोबाईलवर व्हिडिओ घ्या.

गतिरोधक मागायचाच असेल तर मापाचा मागा. ताशी 25 किमी वेगासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असं आहे. आपल्या गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे त्यात बसत नाहीत, आणि रात्री पांढरे पट्टे नसले की दुचाकीस्वार तिथेच पडतो.

बैठकीला येतात ते बहुतेक गाडीवाले. चालणारे येत नाहीत. रस्ता 18 मीटर रुंद असेल तर सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला ओलांडायला 15 सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याहून बरेच जास्त. सिग्नल किती सेकंद देतो ते घड्याळ लावून बघा आणि आजींनाच सोबत घेऊन जा. फुलवाली, शाळेची व्हॅन चालवणारे काका, सिटीलिंक या शहर बससेवेचे चालक यांनाही विचारा. चौक त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो.

अर्ज चुकीच्या दारात देऊ नका. रस्ता महापालिकेचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा की सार्वजनिक बांधकामचा, ते आधी विचारा. प्रत वाहतूक शाखेलाही द्या.

आणि मृत्यू होईपर्यंत थांबू नका. 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नाशिकच्याच मिरची चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली, 12 जण गेले. कुठलाही चौक 'ब्लॅक स्पॉट' ठरतो तो 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, किंवा दहा मृत्यू झाल्यावर. म्हणजे नोंद होते तीही माणसं गेल्यावरच. थोडक्यात वाचलेले प्रसंग तारीख-वेळेसह लिहून ठेवा, सूचनेला जोडा.

बैठक संपली की इतिवृत्ताची प्रत मागा, आपली सूचना त्यात आहे का पाहा. काम झालं की त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पंधरा मिनिटं उभे राहा आणि मोजा.