अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये गाडं कुठे अडते? या चुका टाळा

दहावीत सायन्सला नव्वदच्या वर मार्क घेणारी पोरं दिवाळी यायच्या आधीच फिजिक्सला घाबरायला लागतात, नागपुरात हे दरवर्षी दिसते. मग घरचे म्हणतात अजून गणितं कर, अजून एक क्लास लाव. पण आपण नेमके कोणत्या पायरीवर अडतो हेच माहीत नसेल तर शंभर गणितं सोडवूनही तीच चूक शंभर वेळा होते, म्हणून आधी ते शोधा.

शोधायचं कसं? क्लासमध्ये समजलेलं एखादं गणित दुसऱ्या दिवशी वही बंद करून कोऱ्या कागदावर करून पाहा. आकृतीच काढता आली नाही तर प्रश्न नीट वाचला गेला नाही किंवा कन्सेप्ट कच्चा आहे. आकृती बरोबर पण समीकरण पुढे सरकत नाही तर मॅथ्स कच्चं. सगळं बरोबर आणि उत्तर दहापट किंवा शंभरपट चुकलं तर युनिट बदलायचं राहिलं. तिघांचे उपाय वेगळे आहेत.

मॅथ्सचं थोडक्यात सांगतो. स्टेट बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात दुसराच चॅप्टर व्हेक्टर आणि कॅल्क्युलसच्या ओळखीचा आहे, आणि मॅथ्सच्या तासाला डेरिव्हेटिव्ह यायच्या आधीच फिजिक्समध्ये ते वापरावं लागते. हा चॅप्टर "नंतर बघू" म्हणून सोडू नका, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

नॉर्मल फोर्स म्हणजे एमजी, ही सवय मोडा

नॉर्मल फोर्स म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात जेवढं ढकलते तेवढा फोर्स, आणि एमजी म्हणजे वस्तूचं वजन. दोन्ही नेहमी सारखे धरल्याने सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. १० किलोचा ठोकळा जमिनीवर आहे, त्याला ४० न्यूटनने ओढलं, दोरी जमिनीपासून ३० अंश वर आहे, म्यू (घर्षणाचा गुणांक) ०.५ आणि जी (गुरुत्वाचं ॲक्सलरेशन) १० धरा. बरीच मुलं काय करतात, नॉर्मल १०० धरतात, घर्षण ५० काढतात, पुढे ओढणारा फोर्स ४० कॉस ३० म्हणजे ३४.६, त्यातून ५० वजा करतात आणि ॲक्सलरेशन मायनस लिहून मोकळे होतात. अरे पण पुढे ओढलेला ठोकळा स्वतःहून मागे जाईल का? उत्तर आल्यावर एवढं तरी विचारा! खरं म्हणजे दोरी ठोकळ्याला २० न्यूटनने वरही उचलते, म्हणून नॉर्मल ८०, आणि घर्षण जास्तीत जास्त ४० पर्यंत जाऊ शकते. ओढ ३४.६ च आहे, म्हणजे ठोकळा हलतच नाही. आणि घर्षण किती? ४० नाही, ३४.६. म्यू गुणिले नॉर्मल ही स्टॅटिक घर्षणाची वरची मर्यादा आहे, ठोकळा थांबलेला असताना घर्षण गरजेपुरतंच लागते.

हेच पुढे बारावीच्या पहिल्या चॅप्टरला, रोटेशनल डायनॅमिक्सला नडते. गुळगुळीत उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा नॉर्मल एमजी कॉस थीटा (थीटा म्हणजे उताराचा कोन), आणि तितक्याच उताराच्या बँक केलेल्या, म्हणजे वळणावर बाहेरची कड उंच ठेवलेल्या रस्त्यावर घर्षणाशिवाय वळणाऱ्या गाडीचा नॉर्मल एमजी भागिले कॉस थीटा. उतार तोच, पण ॲक्सलरेशनची दिशा वेगळी म्हणून उत्तर वेगळं. पाठ करणारा इथे हमखास फसते, आकृती काढून दोन दिशांची समीकरणं लिहिणारा फसत नाही.

साइनची, म्हणजे प्लस-मायनसची चूक

१५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू १० मीटर पर सेकंदने सरळ वर फेकला, खाली पडायला किती वेळ? वरची दिशा प्लस धरली तर विस्थापन मायनस १५, जी मायनस १०, उत्तर ३ सेकंद. कोणी साइन न बघता सगळंच प्लस टाकते आणि १ सेकंद काढते. आता हा १ सेकंद उगाच आलेला नाही, चेंडू त्याच वेगाने खाली फेकला असता तर हेच उत्तर आलं असतं, म्हणजे आपण दुसरंच गणित बरोबर सोडवून बसलो. आकृतीशेजारी एक बाण काढून "हे प्लस" लिहायची सवय लावा, दोन सेकंद लागतात.

प्रॅक्टिकल हलकं घेऊ नका

बोर्डात थिअरी ७० ची आणि प्रॅक्टिकल ३० चं, तरी रीडिंग मित्राच्या जर्नलमधून उतरवली जातात. रेझोनन्स ट्यूब घ्या, म्हणजे नळीतल्या हवेवरून ध्वनीचा वेग काढायचा प्रयोग. हवेत ध्वनीचा वेग अंदाजे ३३१ अधिक ०.६ गुणिले तापमान. डिसेंबरच्या १२ डिग्रीच्या सकाळी नागपुरात तो ३३८ मीटर पर सेकंदच्या आसपास, आणि एप्रिलच्या ४२ डिग्रीत ३५६. मग हिवाळ्याच्या वहीतली रीडिंग उन्हाळ्यात कशी जुळतील? लॅबमधलं तापमान आधी लिहा. व्हर्नियर आणि स्क्रू गेज या मोजायच्या उपकरणांना झिरो एररची (काही न मोजता शून्याऐवजी दिसणाऱ्या रीडिंगची) साइन बघा, पॉझिटिव्ह एरर वजा होते. आणि बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलवर हात जानेवारीत नाही, आतापासूनच बसवा.

परीक्षेचं एकच. सीईटीला फिजिक्सचे ५० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटला उलट, बरोबरला ४ आणि चुकीला मायनस १, तिथे तुक्का महाग पडते. सीईटीत अकरावीचे प्रश्न साधारण २० टक्के असतात म्हणून अकरावी सोडून देणारे बरेच आहेत, पण बारावीच्या उरलेल्या प्रश्नांतही फोर्सची आकृती अकरावीचीच लागते.