किनाऱ्यावरच्या गावात पार्किंग आखताना या चुका टाळा

मालवणच्या जेटीपाशी, गणपतीपुळ्याला किंवा कर्द्याच्या वाटेवर सुटीत गाड्या तुंबल्या की पहिली मागणी होते ती आणखी जागेची. जागा बहुतेकदा पुरेशी असते, आखणी फसलेली असते.

गुंठ्यांचा हिशोब

एका कारचा चौकोन २.५ × ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर. एवढ्याने भागून २० गुंठ्यांत (गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा) १६० गाड्या दाखवल्या जातात. गाडी वळवायला आणि मागे घ्यायला मात्र मधली वाट लागते. काटकोनात गाड्या लावायच्या तर ती ६ मीटर हवी. सगळं धरून उघड्यावर कारमागे २३ ते २५ चौरस मीटर जातात. गुंठ्याला चार गाड्या, म्हणजे २० गुंठ्यांत ८०. वाट आवळून आकडा वाढवलात तर पहिलीच गाडी आडवी अडकते आणि मागच्या दहा जणांची सुटी तिथेच संपते. जमीन चिंचोळी असेल तर ४५ अंशांच्या तिरक्या ओळी आखा. एकेरी जायला चार मीटरची वाट पुरते. दुचाकीला १ × २ मीटर पुरतात, पण कोपरा वेगळा द्या.

फाटकातच पावती फाडणं

एका पावतीला ३० सेकंद धरले तर तासाला १२० गाड्या आत जातात. अंगारकीला तासाला १८० आल्या तर तासाभरात ६० बाहेर राहतात. गाडीमागे साडेसहा मीटर, म्हणजे रांग ३९० मीटर. ती बाजारपेठेत शिरलीच म्हणून समजा. टेबल फाटकापासून ४०-५० मीटर आत न्या. त्याहून बरं म्हणजे गाडी लागल्यावर ओळींतून फिरून पावत्या द्या.

वाहनतळ पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला लागून

सर्वांत महागडी चूक हीच. दोन्हीकडे चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) गडगे, म्हणजे बुटके बांध असलेल्या एकेरी रस्त्यावरून प्रत्येक गाडी दोनदा जाते, तीही समोरून एसटी येत असताना. तळ सड्यावरून (गावावरच्या कातळाच्या पठारावरून) उतार सुरू होतो तिथे, वस्तीच्या अलीकडे घ्या. तिथून ३००-४०० मीटर माणसं चालतात. म्हाताऱ्यांसाठी रिक्षा ठेवा. अपंगांच्या गाड्यांसाठी मात्र ३.६ मीटर रुंदीच्या दोन-तीन जागा देवळाजवळ किंवा जेटीजवळच राखा. शिवाय किनाऱ्यालगत २०१९ ची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना लागू आहे. जेसीबी बोलावून वाळूच्या टेकड्या सपाट करण्याआधी ती वाचा.

जमीन आणि पाणी

नुसत्या मातीवर जूनमध्ये चाकं रुततात. सगळीकडे काँक्रीट केलंत तर पाणी शेजारच्या वाडीत शिरतं. दाबलेल्या खडीचा १५०-२०० मिलिमीटर थर, ५० मीटरला एक मीटर उतार आणि खालच्या कडेला उघडं गटार एवढं बस्स.

सावली बघून माडाखाली ओळी आखू नका. झावळी पडली तरी टपाला पोचा येतो, नारळ पडला तर काच जाते.

ओल्या वाळूवर गाड्या

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे ‘काल याच वेळी इथे कोरडं होतं’ हा हिशोब चुकतो. पुळणीवर उतरणाऱ्या वाटेत दीड मीटर अंतराने चिऱ्यांचे खांब रोवा. माणूस आणि सायकल जाते, कार जात नाही. रुग्णवाहिका आणि होडीसाठी एक खांब काढता-घालता येणारा ठेवा. त्याची किल्ली ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद कपाटात नको, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाकडे हवी.