फवारणीच्या हंगामात यकृताची काळजी : वनौषधी केव्हा, कशा आणि किती घ्याव्यात

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हापासून फवारणीचे दिवस आले की ‘लिव्हर साफ करणाऱ्या’ काढ्यांची चर्चा गावोगावी सुरू होते. या वनस्पतींना आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि ती टाकाऊ नाही. मात्र त्यांची जागा कोणती, हे आधी ठरवले पाहिजे.

विषबाधेच्या वेळी काढा देऊ नये, ही सर्वांत पहिली गोष्ट. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके प्रथम मज्जासंस्थेवर घाला घालतात. लाळ गळणे, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या, स्नायूंची थरथर आणि छातीत घुरघुर ही त्याची लक्षणे होत. यावर रुग्णालयातच ॲट्रोपीन या उताऱ्याची इंजेक्शने द्यावी लागतात. अशा वेळी दूध, तूप किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण पातळ कीटकनाशकांतील पेट्रोलियमजन्य द्रावक उलटीवाटे फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. अंगावरचे कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे, १०८ ला फोन करावा आणि औषधाची बाटली रुग्णासोबत न्यावी.

दुसरी पायरी म्हणजे यकृतावरचा भार मुळातच कमी करणे. रक्तात शिरलेल्या रसायनाचे विघटन मुख्यतः यकृतात होते. परंतु क्लोरपायरिफॉससारखी काही रसायने याच प्रक्रियेत मूळच्यापेक्षा अधिक विषारी रूप धारण करतात. म्हणूनच ‘यकृत जोरात चालवणारे’ औषध घेतले की विष लवकर निघून जाईल, हा हिशेब चुकीचा ठरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व मास्क वापरावेत, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून फवारावे, कपाशी खांद्याच्या वर गेली असल्यास विशेष जपावे आणि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. फवारणीपूर्वी अंगाला खोबरेल चोळण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी, कारण तेलात विरघळणारी रसायने त्वचेत शिरण्यास तिची उलट मदतच होऊ शकते. आणि संध्याकाळी थकवा घालवायला दारू नको. दिवसभर विष पेललेल्या यकृतावर ते दुसरे ओझे होय.

आता वनस्पतींकडे वळू. यकृतासाठी परंपरेने भुईआवळी, पुनर्नवा म्हणजे घेटुळी, माका, शरपुंखा आणि कुटकी यांचा वापर होतो. कीटकनाशकांपासून यकृताचे रक्षण होते, असे दाखवणारे प्रयोग बहुतांशी उंदरांवरचे आहेत. भुईआवळीने हिपॅटायटिस-बीच्या रुग्णांना गुण येतो, असा चेन्नईतील संशोधकांचा निष्कर्ष १९८८ मध्ये गाजला होता, पण पुढच्या अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. तेव्हा या वनस्पतींना कवच न मानता सौम्य सोबत मानावे.

भुईआवळी वितीएवढी वाढते. आवळ्यासारख्या बारीक पानांच्या डहाळीखाली मोहरीएवढी हिरवी फळे ओळीने लटकलेली असतात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर ती भुईआवळी नव्हे. ती झुडपे टाकून द्यावीत. येथे एक बाब बहुतेक जण विसरतात. भुईआवळी आणि घेटुळी ही कपाशीतली, धुऱ्यावरचीच तणे आहेत. ज्या शेतात कीटकनाशक किंवा तणनाशक फवारले, तिथली झुडपे उपटून काढा करणे म्हणजे तेच विष पुन्हा पोटात घेणे होय. त्यापेक्षा घरामागे, फवारणीचे तुषार पोहोचणार नाहीत अशा जागी, वाफ्यात किंवा कुंडीत ती लावावीत.

वैद्याने संमती दिल्यास भुईआवळीचे ताजे पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सगळे झुडूप, तीन पाण्यांत धुऊन वाटावे, फडक्यातून रस गाळावा आणि सकाळी १० मिलिलिटर घ्यावा. रस रोज ताजा काढावा. घेटुळीच्या कोवळ्या पानांची भाजी लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाकरीबरोबर खावी; मला तरी काढ्यापेक्षा ही भाजीच अधिक शहाणपणाची वाटते, कारण भाजीत मात्रेचा अतिरेक सहसा होत नाही. हळदही स्वयंपाकातलीच पुरे. मिरीच्या अर्कासह मिळणाऱ्या कर्क्युमिनच्या (हळदीतील घटकाच्या) गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

काही औषधे मात्र स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. कुटकी अधिक झाल्यास जुलाब होतात. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधात कुटकीबरोबर पारा, गंधक आणि ताम्रभस्म असते, त्यामुळे ती वैद्याच्या देखरेखीशिवाय सुरू करू नये. गुळवेलीचा काढा कोरोनाकाळात महिनोन्‌महिने घेतलेल्या काही रुग्णांत यकृताचा दाह आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेहाची अथवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि आधीच कावीळ झालेले लोक यांनी वरील रसदेखील टाळावा.

हंगाम संपल्यावर, आणि डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे यांपैकी काही जाणवल्यास लगेच, एसजीपीटी, एसजीओटी व बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. डॉक्टरांना कोणते कीटकनाशक किती दिवस फवारले हे सांगावे आणि घेतलेल्या वनौषधींची नावेही लपवू नयेत. कीटकनाशकाची बाधा ओळखण्यासाठी रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी सांगितली गेली, तर तिचा आकडा यकृताच्या आजारातही घटतो, हे ध्यानात ठेवून दोन्ही अहवाल एकत्रच दाखवावेत.