मुंबईच्या रस्त्यावर सायकल: जागा कशी घ्यावी, कशी द्यावी

पहाटे पावाची पिशवी कॅरिअरला बांधून निघालेला पाववाला किंवा दुपारी हँडलला डबे अडकवून स्टेशनबाहेर पडणारा डबेवाला नीट पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. रस्ता कितीही गजबजलेला असो, तो शक्यतो एका वेगाने आणि सरळ रेषेत जातो, त्यामुळे तो पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज मागच्या वाहनचालकाला आधीच येतो. नव्याने सायकल हाती घेणाऱ्याने सर्वप्रथम हेच शिकावे. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात खडूने लांब रेघ ओढावी, तिच्यावरून सायकल चालवावी आणि मागे उभ्या असलेल्या घरच्या माणसाने किती बोटे दाखवली आहेत हे मान उजवीकडे वळवून सांगावे. असे करताना सायकल रेघ सोडत असेल, तर मोठ्या रस्त्यावर जाण्याची घाई करू नये, कारण लेन बदलण्यापूर्वी मागे पाहणे तेथे पदोपदी लागते. मागे पाहिल्यावर वळायच्या बाजूचा हात खांद्याच्या पातळीत सरळ धरावा आणि मगच वळावे.

भीतीपोटी अगदी डाव्या कडेला चिकटून चालवण्याकडे पुष्कळांचा कल असतो, आणि माझ्या मते तीच जागा सर्वांत धोक्याची आहे. कडेला गटाराची झाकणे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वाळू असते. शिवाय उभ्या मोटारींची दारे केव्हाही उघडतात. म्हणून उभ्या मोटारींपासून निदान एका दाराच्या रुंदीइतके, म्हणजे साधारण एक मीटर अंतर ठेवावे आणि दोन मोटारींमधील मोकळ्या जागेत आत-बाहेर करू नये. मोटारीच्या मागच्या काचेतून आत कोणी बसलेले दिसले किंवा ब्रेकचा दिवा नुकताच विझलेला दिसला, तर दार उघडणार असे गृहीत धरावे. मोटारीत बसणाऱ्यांचेही येथे कर्तव्य आहे: उजवीकडे बसलेल्या चालकाने दार डाव्या हाताने आणि डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडावे. असे केल्याने अंग आपोआप वळते आणि नजर आरशाकडे व मागे जाते. उपनगरात रिक्षातून उतरणारा प्रवासी डाव्या बाजूनेच उतरतो, त्यामुळे थांबत असलेल्या रिक्षाच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नये.

बेस्टची बस थांब्याकडे वळू लागली, की बस आणि फुटपाथ यांच्यामधील फटीत शिरण्याचा मोह टाळून तिच्या मागे थांबावे. सिग्नलला टँकर किंवा डंपरच्या डाव्या अंगाला उभे राहणे तर जिवावर बेतू शकते, कारण ते वाहन डावीकडे वळले तर मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून फिरते. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

सोसायटीचे गेट समोर दिसते, दुभाजकाची फट मात्र पुढे लांब असते, आणि माणूस पन्नास पावलांसाठी उलट दिशेने सायकल घालतो. गेटातून मोटार बाहेर काढणारा चालक वाहने जिकडून येतात त्या उजव्या बाजूला पाहत असतो आणि आपण त्याच्या डावीकडून येतो. अशा वेळी उतरून सायकल हातात धरून फुटपाथवरून चालत जावे. फुटपाथ पादचाऱ्यांचा आहे. त्यावर सायकल चालवून आजी-आजोबांना घंटी वाजवत बाजूला करणे कोणालाही शोभत नाही.

पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, नियम अधिक कडक ठेवावे लागतात. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा पकडतात, म्हणून नेहमीपेक्षा आधीच हलकेच दाबून रिमवरचे पाणी निपटून घ्यावे. कामाच्या ठिकाणच्या लोखंडी प्लेटा, मॅनहोलची झाकणे आणि रंगवलेले पट्टे ओले असताना त्यांवर ब्रेक लावू नये आणि हँडल वळवू नये. मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे पाण्याने भरला असेल, तर मागे फिरावे. तळ दिसत नाही अशा पाण्यात सायकल घालूच नये. 29 ऑगस्ट 2017 च्या अतिवृष्टीत शहरातील एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला होता. अंधारून आले की दिवसाही पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर सपाट बसले पाहिजे आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट असला पाहिजे.

रस्ता निवडताना सी लिंक, कोस्टल रोडचा मुख्य मार्ग, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू यांवर सायकलला परवानगी नाही हे लक्षात ठेवावे. इतरत्र हमरस्त्यापेक्षा त्याला समांतर असलेल्या आतल्या गल्ल्या निवडाव्यात, मग पाच-दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

सोसायटीच्या सभेत दोन मागण्या आग्रहाने मांडाव्यात: सायकली साखळीने बांधता येतील असा लोखंडी दांडा छपराखाली बसवावा, आणि मुले खेळत असताना आवारात येणारे प्रत्येक वाहन, डिलिव्हरीवाल्यांचे स्कूटरही, माणसाच्या चालीने यावे. लहान मुलाची सीट इतकी खाली ठेवावी की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील.

अपघात दिसला तर जखमीला उगाच हलवू नये, मागून येणारी वाहने थांबवावीत आणि 108 किंवा 112 वर फोन करावा. पोलिसांच्या चौकशीत अडकू या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.