उडत्या विमानाचे थरथरते चित्रीकरण संगणकावर स्थिर कसे करावे

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरणारे विमान मुकुंदवाडीतल्या आमच्या गच्चीवरून मोजून दहा-बारा सेकंद दिसते. तेवढ्या वेळात ते कॅमेऱ्यात पकडायचे, झूम करायचे आणि त्याच्याच वेगाने हात फिरवत राहायचे, अशी तिहेरी कसरत असते. त्यामुळे घरी येऊन पाहावे तर विमान चौकटीत कधी वर, कधी खाली, कधी अर्धे बाहेर, असे हेलकावे खाताना दिसते. मग बहुतेक जण संपादनाच्या सॉफ्टवेअरमधले स्थिरीकरणाचे बटण दाबतात आणि चित्र आणखीच बिघडते. ते का बिघडते, हे आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या पायऱ्या आपोआप पटतील.

तयार स्टॅबिलायझर संपूर्ण चौकटीतले ठळक ठिपके शोधतो, ते एका चौकटीतून (फ्रेममधून) दुसरीत किती सरकले हे मोजतो आणि त्यावरून कॅमेरा किती हलला याचा अंदाज बांधतो. लग्नाच्या किंवा शेताच्या चित्रीकरणात हे उत्तम चालते, कारण तिथे झाडे, भिंती, बांध असे स्थिर आधार भरपूर असतात. निरभ्र आकाशात मात्र पकडण्यासारखे काहीच नसते. आणि ढग किंवा इमारती असल्या तर आपण कॅमेरा विमानाबरोबर फिरवत असल्याने त्या उलट दिशेने धावत असतात. सॉफ्टवेअर त्यांना स्थिर करू पाहते आणि आपण मुद्दाम फिरवलेला कॅमेराच दोष समजून पुसू लागते. म्हणून या कामात कोणती वस्तू स्थिर राहायला हवी, हे सॉफ्टवेअरला आपण सांगावे लागते. ती वस्तू म्हणजे विमान.

चित्रीकरणाच्या वेळची काळजी

संपादनात सुधारता न येणारी एक गोष्ट म्हणजे पुसट चौकट. एअरबस ए३२० उतरताना ताशी साधारण २५० किलोमीटर वेगाने येते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर. शटर १/५० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात विमान सुमारे १.४ मीटर पुढे गेलेले असते. हे विमान साडेसदतीस मीटर लांब आहे. ते पडद्यावर ६०० पिक्सेल रुंद दिसत असेल, तर कॅमेरा स्थिर असताना त्याच्या कडा सुमारे २२ पिक्सेल फासल्या जातील. शटर १/१००० केल्यास हाच फासटा एका पिक्सेलच्या आसपास येतो. कॅमेरा बरोबर फिरवल्याने फासटा कमी होतो हे खरे, पण हाताचा हिसका त्यात नव्याने भर घालतो. नंतर विमान जागेवर बसवले तरी दर चार-सहा चौकटींनंतर ते अचानक पुसट होते आणि पुन्हा स्वच्छ होते, आणि ही धडधड डोळ्यांना मूळ हलण्याहूनही अधिक खुपते. म्हणून भर उजेडात शटर १/५०० ते १/१००० ठेवावे. चित्रपटासारखी मऊ हालचाल यावी म्हणून चौकटीच्या निम्म्या वेळेइतके शटर ठेवण्याचा जो नियम सांगितला जातो, तो येथे बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानाला मात्र अपवाद करावा: फार वेगवान शटरने त्याची पाती थिजल्यासारखी दिसतात.

अंतिम चित्रफीत १९२० × १०८० पिक्सेलची हवी असली, तरी चित्रीकरण ३८४० × २१६० मध्ये करावे. त्यामुळे डावी-उजवीकडे ९६० आणि वर-खाली ५४० पिक्सेलची मोकळी जागा मिळते व विमान तेवढे सरकले तरी गुणवत्ता न गमावता मध्यभागी आणता येते. झूम करताना थोडा हात राखावा.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्यांवरून आणि डांबरावरून उठणाऱ्या झळांमुळे विमानाची कडाच लाटांसारखी हलते. ही थरथर हवेची असते. विमानाचा प्रत्येक भाग वेगवेगळा हलत असल्याने कोणतेही स्थिरीकरण ती काढू शकत नाही. उन्हाळ्यात सकाळी ऊन तापण्यापूर्वीच चित्रीकरण उरकावे. विमानतळाच्या आवारात व संरक्षण खात्याच्या हद्दीजवळ चित्रीकरणावर असलेले निर्बंध पाळावेत, हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष काम

येथे मी दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती गृहीत धरली आहे, कारण या कामाला लागणारे सर्व काही तिच्यात आहे.

मोबाइलवर चित्रीकरण केले असेल, तर आधी क्लिप हँडब्रेक या मोफत साधनातून स्थिर फ्रेम रेटमध्ये (सेकंदाला ठरावीक चौकटी) बदलून घ्यावी. मोबाइल बहुधा उजेडाप्रमाणे फ्रेम रेट कमी-जास्त करतो आणि त्यामुळे पुढे केलेले मोजमाप चित्राशी जुळेनासे होते. त्यानंतर रिझॉल्व्हमध्ये नवा प्रकल्प उघडून टाइमलाइन १९२० × १०८० ठेवावी, क्लिप टाइमलाइनवर घ्यावी आणि विमान चौकटीत असलेलाच भाग ठेवून बाकीचा कापून टाकावा. वेग कमी-जास्त करायचा असल्यास ते काम शेवटी करावे.

आता क्लिप निवडून फ्युजन पानावर जावे. तेथे मीडिया-इन आणि मीडिया-आउट असे दोन नोड, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे कामाचे ठोकळे, दिसतील. पहिला निवडून शिफ्ट आणि स्पेस दाबावे, ट्रॅकर (ठरवलेल्या भागाचा माग काढणारे साधन) शोधावा आणि दोहोंच्या मध्ये जोडावा. पडद्यावर एक लहान चौकोन येतो. त्याच्या बाहेर मोठा चौकोन असतो. लहान चौकोनात कोणता भाग ओळखायचा ते सांगायचे आणि मोठ्या चौकोनात तो पुढच्या चौकटीत कुठपर्यंत शोधायचा ते. हात जोराने हलला असेल तर मोठा चौकोन वाढवावा. पण उगाच वाढवू नये, कारण शोध हळू होतो आणि चुकीची वस्तू सापडण्याचा धोका वाढतो.

लहान चौकोन कुठे ठेवावा, यावर निम्मे यश अवलंबून आहे. पंखांच्या टोकांवरचे दिवे लुकलुकतात, म्हणून ती जागा टाळावी. चाकेही टाळावीत, कारण उड्डाणानंतर ती आत जातात. उतरण्याचा मोठा दिवा समोरून येताना ठळक दिसतो, पण विमान बाजूला येताच मावळतो. माझ्या अनुभवात शेपटीचा उभा पंख सर्वांत भरवशाचा ठरतो: त्याची कड आकाशावर स्वच्छ उमटते आणि विमान समोरून बाजूला येत असतानाही तिचा आकार इतर भागांच्या मानाने कमी बदलतो.

क्लिपच्या सुरुवातीपासून सुरू करण्याऐवजी विमान सर्वांत मोठे व स्पष्ट असलेल्या चौकटीवर यावे, चौकोन तेथे बसवावा, आधी पुढे ट्रॅक करावे, मग त्याच चौकटीवर परत येऊन मागे ट्रॅक करावे. अ‍ॅडॅप्टिव्ह पर्यायांपैकी प्रथम ‘बेस्ट मॅच’ वापरून पाहावा. ‘एव्हरी फ्रेम’ हा पर्याय प्रत्येक चौकटीत नवा नमुना घेत असल्याने बदलता आकार सहज पकडतो, पण बारीक चुका साठत जाऊन चौकोन हळूहळू शेपटीवरून घसरतो.

ट्रॅकिंग चालू असताना पडद्यावरून नजर हलवू नये. गेल्या हिवाळ्यात एका क्लिपमध्ये सातव्या सेकंदाला एक घार विमानाच्या पुढून गेली, चौकोनाने शेपूट सोडून घार धरली आणि मी लक्ष न दिल्यामुळे तयार चित्रफितीत घार मध्यभागी स्थिर आणि विमान चौकटीबाहेर, असे झाले. असा गोंधळ दिसताच थांबावे, दोन-चार चौकटी मागे यावे, चौकोन पुन्हा शेपटीवर बसवावा आणि तेथून पुढे चालावे. पावसाळ्यात ढगांच्या कडांवरही चौकोन असाच उडी मारतो.

आता ट्रॅकरच्या ऑपरेशन टॅबमध्ये ‘मॅच मूव्ह’ निवडावे आणि मर्ज यादीत ‘बीजी ओन्ली’ ठेवावे. पोझिशन चालू ठेवावे. रोटेशन आणि स्केलिंग दोन्ही बंद ठेवावीत. हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. विमान वळताना खरोखरच कलते. ते कलणे आपण पुसले, तर विमान सरळ राहील आणि जगच तिरपे होईल. तसेच जवळ येणारे विमान मोठे होत जाणे हीच तर त्या दृश्यातली खरी गंमत आहे. भारतीय हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकाच्या नऊ हॉक विमानांची रचना वळण घेत असेल, तर हा नियम अधिकच कसोशीने पाळावा आणि मधल्या आघाडीच्या विमानावरच ट्रॅकर ठेवावा. हातामुळे क्षितिज तिरपे झाले असेल, तर ते जमिनीवरच्या दोन स्थिर बिंदूंवरून वेगळे सरळ करावे.

एडिट पानावर परत आल्यावर विमान एका जागी खिळलेले दिसेल आणि काळ्या कडा हलताना दिसतील. इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे क्लिपच्या सेटिंगच्या खिडकीत, झूम हळूहळू वाढवून या कडा बाहेर घालवाव्यात. मूळ क्लिप ३८४० रुंदीची असल्याने २.०० पर्यंत झूम केल्याने तपशील जात नाही. तरीही कड उरली आणि मागे निरभ्र आकाश असले, तर ट्रॅकरच्या एजेस पर्यायात ‘ड्युप्लिकेट’ निवडावे. कडेचा निळा रंग ताणला जाऊन जागा भरून निघते.

विमान पूर्ण खिळलेले ठेवणे मला आवडत नाही, कारण ते चिकटवल्यासारखे दिसते. पोझिशनला दोनच कीफ्रेम (ठरावीक क्षणी नोंदवलेल्या जागा) देऊन, सुरुवातीला विमान किंचित डावीकडे आणि शेवटी किंचित उजवीकडे जाईल, अशी संथ सरक द्यावी. हाताचा हिसका गेला पाहिजे, उड्डाण मात्र राहिले पाहिजे.

चौकटीत झाडे, टाक्या किंवा इमारती येत असतील, तर ही रीत तेवढ्या भागापुरती सोडावी. विमान खिळवले की मागची घरे झटके देत धावतात. तेथे क्लिप कापून दोन तुकडे करावेत: आकाशाच्या तुकड्याला ट्रॅकर आणि जमिनीच्या तुकड्याला इन्स्पेक्टरमधले साधे स्टॅबिलायझेशन. त्यात ‘ट्रान्सलेशन’ निवडावे, ‘कॅमेरा लॉक’ बंद ठेवावे आणि ‘स्मूद’ वाढवत न्यावे.

शेवटची तपासणी मी एका टिकलीने करतो. संथ सरक देण्यापूर्वी, विमान खिळलेले असतानाच, मॉनिटरवर शेपटीच्या टोकाशी टिकली चिकटवावी आणि क्लिप चालवावी. शेपूट टिकलीपासून हळूहळू दूर जात असेल तर चौकोन घसरलेला आहे, म्हणून मधल्या दोन-तीन ठिकाणी तो पुन्हा बसवावा. एकाच क्षणी उडी दिसली, तर ती चौकट शोधून तेवढाच बिंदू हाताने सरकवावा. शेपूट टिकलीखालून हलेनाशी झाली, की संथ सरक द्यावी आणि चित्रफीत निर्यात करावी.