कोरलच्या टाकीवर नवा लाइट लावताय? या चुका टाळा

नवा एलईडी आला की पहिल्याच संध्याकाळी तो पूर्ण ताकदीने लावून बघावासा वाटतो. मीही तेच केलं होतं. चौथ्या दिवशी माझं टॉर्च कोरल (लांब शेंड्यांचं एक प्रवाळ) आक्रसलेलं दिसलं. लाइटकडची बाजू पांढुरकी पडली होती, खडकाच्या सावलीतली मात्र पूर्वीसारखीच तपकिरी. आजार असता तर तो सावलीच्या रेघेवर थांबला नसता.

कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशातून बनवलेलं अन्न कोरलला पुरवतं. प्रकाश एकदम वाढला की शैवालाला वापरता येईल त्यापेक्षा जास्त ऊर्जा आत शिरते, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि शेवटी कोरल त्या शैवालालाच बाहेर टाकतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. वाढ सावकाश झाली तर शैवाल आपली रंगद्रव्यं कमी करून जुळवून घेतं, पण त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

डोळ्यांनी उजेड जोखणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निळा प्रकाश आपल्याला मंद वाटतो, पण कोरलसाठी तो भरपूर असतो. साधा लक्स मीटरही निळ्याला कमी लेखतो. पार मीटर (शैवालाला वापरता येणारा प्रकाश, म्हणजे ‘पार’, मोजणारं यंत्र) कुणाकडून तरी मागून आणा आणि जुना लाइट उतरवण्याआधी प्रत्येक कोरलजवळचा आकडा लिहून ठेवा. नंतर हे मोजता येत नाही. नव्या लाइटची तीव्रता त्याच आकड्यावर आणा आणि तिथून आठवड्याला साधारण 5 टक्क्यांनी वाढवा. मीटर मिळालाच नाही तर 30–40 टक्क्यांपासून सुरुवात करा.

मशरूम आणि मऊ कोरलना साधारण 50 ते 150 पार पुरतो, अक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या कोरलना 200 ते 350. हे आकडे शेवटी गाठायचे असतात, पहिल्या दिवशी नाही.

तास कमी करून भागेल असं समजणं

पूर्ण तीव्रतेचे चार तास म्हणजे निम्म्या तीव्रतेचे आठ तास नव्हेत. शैवालाची सहनशक्ती त्या भर प्रकाशातच संपते. म्हणून आधी तीव्रता कमी करा. लाइटला तशी सोय नसेल तर तो उंच टांगा किंवा टाकीवर बारीक जाळीचे तीन-चार पदर ठेवून दर चार-पाच दिवसांनी एकेक काढा.

एकाच आठवड्यात सगळं बदलणं

फिल्टरमध्ये नवा कार्बन (पाण्याचा पिवळेपणा शोषणारा कोळसा) घातला की पाणी नितळ होतं आणि लाइटला हात न लावताही प्रकाश वाढतो. तो त्याच आठवड्यात नको. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर असताना प्रकाश वाढवणं तर मला सर्वांत धोक्याचं वाटतं. अन्नद्रव्यांविना शैवाल तगणार कसं? प्रकाशामुळे कोरलच्या वाढीने जोर धरला की अल्कलिनिटीही (सांगाडा बांधायला लागणारं पाण्यातलं कार्बोनेट) लवकर खर्च होते, म्हणून या काळात ती दर दोन-तीन दिवसांनी तपासा.

फिकट दिसलं की जागा बदलत राहणं

आज खाली, उद्या डावीकडे असं केलंत तर कोरलला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. सगळीच फिकटली असतील तर लाइट कमी करा. एखादंच असेल तर त्याला एकदाच सावलीत नेऊन तिथेच राहू द्या. आधी बॅटरी मारून नीट पाहा. सांगाड्यावर पातळ, पारदर्शक मांस शाबूत असेल तर ते ब्लीचिंग आहे आणि कोरल वाचू शकतं. मांसच सुटून उघडा सांगाडा दिसत असेल तर नुसता प्रकाश कमी करून भागणार नाही, अल्कलिनिटी आणि पाण्याचा खारटपणा तपासा. उलट, कोरल तपकिरी होत चाललं असेल तर बहुधा प्रकाश अपुरा पडतोय किंवा पाण्यात अन्नद्रव्यं जास्त झाली आहेत.

माझं टॉर्च कोरल मी सावलीत ठेवलं आणि आठवड्यातून दोनदा बारीक मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) भरवत राहिलो. तपकिरी रंग आधी बुडाशी आला आणि शेंड्यांपर्यंत पोचायला दोन महिने लागले.