नदीचं पाणी तपासायचं तर उजाडायच्या आत

मी सांगलीत एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी तीन वाजता कृष्णेचं पाणी तपासलं. विरघळलेला प्राणवायू लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर आला. पाणी चांगलं आहे असं मी लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे काठाला मासे पोटं वर करून तरंगत होते. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, आणि रात्रभर तेच शेवाळ व सांडपाण्यातले जिवाणू तो संपवतात. खरा आकडा दिवस उगवायच्या आधीच सापडतो. तो चुकीचा कागद मी अजून जपून ठेवलाय.

सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरी नाला असो की तुमच्या गावचा ओढा, नमुने तीन ठिकाणचे घ्या: नदीला नाला मिळतो त्याच्या वरचा, नाल्याच्या तोंडाशी, आणि खाली निदान अर्ध्या किलोमीटरवरचा. नाल्याचं पाणी लगेच मिसळत नाही, काळा पट्टा बराच लांब काठ धरून वाहतो. म्हणून खालचा नमुना शक्यतो होडीतून, पात्राच्या मध्यावर घ्यावा.

काचेच्या बुचाची तीनशे मिलिलिटरची बाटली वीतभर खोल बुडवून सावकाश भरा. बुडबुडा राहिला तर ओतून पुन्हा भरा. आता काठावरच, घरी नेऊन नव्हे, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून दोन मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि दोन मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. शेरी नाल्याच्या तोंडाशी पहिल्यांदा पांढरा साका पाहिला तेव्हा माझा हात थरथरला होता.

साका खाली बसला की दोन मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला. ही रसायनं विषारी आणि दाहक आहेत. हातमोजे, चष्मा हवाच, सोबत रसायनशास्त्राचे शिक्षक असावेत, आणि उरलेलं नदीत ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून प्रयोगशाळेत परत न्यायचं. साका विरघळून पाणी कोऱ्या चहासारखं दिसेल. त्यातलं दोनशे मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं सोडियम थायोसल्फेट सोडत जा. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला, निळं होईल. मग थेंब थेंब, निळेपणा जाईपर्यंत. जितके मिलिलिटर लागले, लिटरला तितके मिलिग्रॅम प्राणवायू. आंघोळीच्या पाण्याला निदान पाच हवेत.

बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते मोजायला, दुसरी बाटली अंधारात २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. त्याला इन्क्युबेटर लागतो आणि नाल्याचं पाणी पातळ करावं लागतं. ते काम कॉलेजवर सोपवा.

तिन्ही आकडे, तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान तक्रारीच्या अर्जाला जोडा. नुसतं 'घाण वास येतो' लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. सोबत माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या शुल्कात, नगरपालिकेकडे किंवा महापालिकेकडे दोन गोष्टी मागा: सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा महिनाभराचा बीओडी, आणि नाल्याचं पाणी उपसून केंद्रात नेणाऱ्या पंपांची रोजची नोंदवही. त्या वहीत वीज गेल्याचे तास आणि जनरेटर चालल्याचे तास शेजारी शेजारी ठेवून बघा. जेवढा वेळ पंप बंद, तेवढा वेळ नाला थेट नदीत.